चौथ्या मजल्यावरचे शुक्रवार

प्रभू, हात जोडलेले नाहीत. एका हातात इंद्रजीतची मान आहे आणि दुसऱ्यात पेजेची वाटी. डोळेही मिटत नाही. मिटले तर पेज त्याच्या नाकात जाईल आणि पुढची प्रार्थना दवाखान्यात करावी लागेल.

आधी आभार, मग मागणं. रविवारच्या शाळेत असंच शिकवलं होतं. तर आभार. माझ्या नवऱ्याला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, बुधवार पेठेतल्या दुकानातलं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं काम गेलं, याचे आभार मी मानणार नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, सर्व गोष्टींबद्दल माना. त्यांनी मानावेत. मी फक्त शुक्रवारचे मानते.

एकच शब्द ठेवलास तू त्याच्याकडे. ‘तेच.’ भूक लागली, तेच. चादर ओली झाली, तेच. मी रडले, तेच. वर्ष झालं, घरात एवढीच भाषा आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जमतात, उल्का झांज वाजवते, यमुनाबाई चिरक्या आवाजात सुरुवात करतात, आणि हा माणूस गातो. शब्दांसकट. वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. एक खोली पडली, दुसरी शाबूत आहे, तिथे वावर ठेवा. कसा ठेवू? मी गायला लागले की तो तोंड मिटून घेतो. लग्न झाल्यापासून त्याचं एकच मत आहे: नम्रता, तू चर्चमध्ये फक्त ओठ हलव. मोबाईलवर गाणं लावलं तर ऐकतो, गात नाही. त्याला माणसं लागतात आणि ताल लागतो. म्हणून मागणं एवढंच, की आजच्या शुक्रवारीसुद्धा

बेल.

यमुनाबाई होत्या, शिऱ्याचा डबा पोटाशी धरून. “सलाम, नम्रता. लिफ्ट बंद आहे. परमेश्वर या वयात चार जिने चढवतो म्हणजे आज काहीतरी देणार बघ.”

“शिरा तुम्हीच आणलात. त्याला द्यायला उरलं काय?”

मागून उल्का आली, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच, आणि तोंडी आम्हा ख्रिस्ती मंडळींचा तोच नमस्कार. “सलाम काकू, सॉरी, मीटिंग लांबली. काका, रेडी?”

“तेच,” इंद्रजीत म्हणाला.

सोफा भिंतीला सरकवला, सतरंजी घातली. पाळकसाहेब आले, आणखी चार-पाच जण आले. उकडत होतं म्हणून दार उघडं ठेवलं. पहिलं गाणं इंद्रजीतचंच, दुकानात वायरी जोडता जोडता त्यानं बांधलेलं.

थकले हे पाय
सरेना ही वाट
उरली पहाट
तुझ्या दारी

‘पहाट’ला त्यानं मान वर केली. ‘दारी’ स्पष्ट म्हणाला. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि गाळणी कपाबाहेर धरली होती.

दारात हिंमतराव उभे होते. आमच्या वर, पाचव्या मजल्यावर राहतात. वाशिमकडचे. मुलाला इथे नोकरी लागली, त्याच्यामागून आले. मी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. त्यांच्या साखरेच्या तपासणीसाठी वरचेवर वर जाते, म्हणून ओळख. डोक्यावर टोपी आणि हातात फडक्यात गुंडाळलेली झांज, स्वतःची.

“येऊ काय? भजन ऐकू आलं म्हणून उतरलो. पुण्यात आल्यापासून भजन नाही पाह्यलं, नुसता टीव्ही.”

“या ना,” मी म्हणाले.

आमच्या भिंतीवर बायबलच्या वचनाचं कॅलेंडर असतं, बाकी काही नसतं. ते कॅलेंडर उघड्या दाराच्या मागे झाकलं गेलं होतं. आणि चाल भजनाची, झांज भजनाची, सतरंजीसुद्धा भजनाचीच. आमच्या आज्या-पणज्यांनी येशूला हाक मारली ती याच चालीत मारली, दुसरी चाल त्यांना येत नव्हती. हिंमतराव मांडी घालून बसले. यमुनाबाईंनी त्यांच्यापुढे वाटी केली. त्यांनी ती कपाळाला लावली, शिरा खाल्ला, बोटं चाटली. “गोड झाला प्रसाद.”

“अजून घ्या,” यमुनाबाई म्हणाल्या. कौतुक झालं की त्यांना पुढचं दिसत नाही.

मग हिंमतरावांनी फडकं सोडलं आणि वाजवायला घेतलं. उल्कानं आपली झांज खाली ठेवली. तालाचं मला कळत नाही, पण इंद्रजीत कण्याला दोरी बांधल्यासारखा ताठ झाला, अर्ध्या तोंडानं त्यांच्याकडे बघून हसला आणि वर्षभरात कधी गायला नव्हता तसा गायला.

येशू माझा धनी
खिळ्यांचे ते हात
घेऊन दारात
उभा राही

झांज थांबली. एक चकती डाव्या हातात, एक उजव्या, मध्ये वीतभर अंतर.

“कोनाचं भजन आहे हे?”

“प्रभू येशूचं, आजोबा,” पाळकसाहेब म्हणाले.

त्यांनी झांजेकडे पाहिलं, मग रिकाम्या वाटीकडे. “काहून नाही सांगतलं?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” मी म्हणाले. माझा सूर गाण्यात कधी लागत नाही, बोलण्यात मात्र नेमका नको तो लागतो.

“मले प्रसाद खाऊ घातला.”

“शिरा होता हो तो,” यमुनाबाई म्हणाल्या.

ते उठले. झांज गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला. इंद्रजीतला कोणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून तो एकटाच गात राहिला.


प्रभू, सोसायटीच्या ग्रुपवर तू नाहीस, पण चर्चा तुझीच आहे. वाचून दाखवते.

अपूर्वा, म्हणजे हिंमतरावांची सून: “माझ्या सासऱ्यांना भजनाच्या नावाखाली घरात बसवून धर्मांतराचा प्रयत्न झाला आहे. ते जेवत नाहीत, झांज माळ्यावर टाकली आहे. फोर्थ फ्लोअरने उत्तर द्यावे.”

खाली: “तरीच म्हटलं, जिन्यात सलाम-सलाम कसलं चालतं.”

खाली: “एका वाटी शिऱ्याला एक माणूस? महागाई बघता स्वस्त आहे.”

खाली: “काजू असतील तर आम्हीही विचार करू.”

खाली: “आपल्या सोसायटीत पार्किंग मिळत नाही, स्वर्ग मिळतो. नोंद घ्यावी.”

खाली: “बजरंगशेठ, भाडेकरू ठेवताना आडनावाच्या पुढेही जरा बघत चला.”

मी टाइप केलं, शिऱ्यात काजू नव्हते. मग पुसलं. सकाळी जिन्यात अपूर्वा भेटली. “सॅम्पल आम्ही लॅबमध्ये जाऊनच देऊ. तुम्ही नका येऊ.” मी म्हटलं, ठीक. ती म्हणाली, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” मी म्हटलं, माझ्याकडून तुम्हाला साखरेच्या रिपोर्टशिवाय कसली अपेक्षा होती? ती वर गेली. दोन जिने मला तिच्या चपला ऐकू येत होत्या.

तू म्हणशील, शत्रूंवर प्रीती करा. आज नाही. हे तू डोंगरावर बसून म्हणालास, मोकळ्या हवेत. एकदा या इमारतीत राहून बघ, लिफ्ट बंद असताना, खालच्या मजल्यावरची दारं आपण चढतोय ते बघून एकेक करून लागताना, आणि मग मला सांग की

बेल.

पुढचा शुक्रवार होता, मी स्वयंपाकघरात. बाहेर मंडळी बसलेलीच होती, थोडी कमी. उघड्या दारात चार पोरं, या इमारतीतली नव्हेत, कपाळाला गंध, मोबाईल आधीच वर.

“चालू द्या, चालू द्या. आम्हाला पण स्वर्ग पाहिजे.”

“व्हिडिओ बंद करा, प्लीज,” उल्का उठून म्हणाली.

“ताई, कंपनी कुठली? कार्ड दाखवा की. कंपनी पण फंडिंग देते का?”

“तुम्ही आत कसे आलात?”

“दार उघडं होतं. तुमचं बोलावणंच असतं ना सगळ्यांना?”

पाळकसाहेब मध्ये झाले, हात जोडले, ही घरगुती प्रार्थना आहे, घरात आजारी माणूस आहे असं म्हणाले. मग मोबाईल आजारी माणसाकडे वळले.

“काका, तुम्हाला इथं जबरदस्तीनं बसवलंय का?”

“तेच,” इंद्रजीत म्हणाला.

“पैसे देऊन धर्म बदलला का तुमचा?”

“तेच. तेच.”

“ऐका! स्वतःच्या तोंडानं सांगतायत!”

मी पोराच्या हातावर हात मारला. मोबाईल सतरंजीवर पडला, फुटला नाही. फुटायला हवा होता. त्यांनी तो उचलला, मलाही त्यात घेतलं, आणि रात्रीपर्यंत आम्ही मोबाईलवरून आमच्या धायरीभर झालो होतो. इंद्रजीतचा धर्म त्याच्या आजोबांच्या आजोबांनी बदलला होता, अहमदनगरकडच्या एका खेड्यात, गावानं विहिरीवर येऊ दिलं नाही म्हणून. ते व्हिडिओत नव्हतं.


प्रभू, थोडक्यात बोलते, बजरंगशेठ येणार आहेत. तुला माहीत आहे, ही जमीन त्यांची. वडील इथे ज्वारी काढायचे. बिल्डरनं इमारत बांधली, त्यांना आठ फ्लॅट मिळाले, त्यातला एक आमचा भाड्याचा. सोसायटीचे चेअरमन तेच. माणूस वाईट नाही असं मी कालपर्यंत म्हणत होते. आज म्हणू की नको ते

बेल.

त्यांनी चपला बाहेर काढल्या, इंद्रजीतच्या पायाला हात लावून विचारपूस केली, पाणी नको म्हणाले.

“वहिनी, मला काय बी प्रॉब्लेम नाय. माझं पोरगं कॉन्व्हेंटला हाय. पन लोकं आयकत नायत. तुमी आधी सांगायचं ना.”

“काय सांगायचं?”

“तुमी कोन ते. शिरसाठ म्हनल्यावर आमाला वाटलं आपलेच.”

“आपलेच म्हणजे?”

“आता कशाला तोंड उघडायला लावता?” त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “एवडी सही करा. विषय संपला.”

कागदावर होतं: सदर सदनिकेत गाणे, वाजवणे तसेच बाहेरील व्यक्ती जमवणे होणार नाही. खाली माझं नाव आधीच छापलेलं.

“आणि नाही केली तर?”

“महिनाअखेर अ‍ॅग्रीमेंट संपतंय. मी काय घालवतोय का तुमाला? संपतंय म्हनून सांगतो. सही केली की र्‍हा की हवं तेवडं.”

“हे असे. यांना उचलून मी कुठे जाऊ?”

“म्हनूनच म्हनतो, सही करा.”

“आणि हे गायले तर?”

“त्यांना मनात गाऊ द्या. देव मनातलं आयकतो.”

“मागच्या वर्षी खाली पार्किंगमध्ये तुमचा जागरण-गोंधळ झाला. पहाटेपर्यंत. तो मनात झाला होता का?”

त्यांचा चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. “त्ये आमचं हाय, वहिनी. जमीन पन आमची हाय. शुक्रवारी येतो कागद न्यायला.” दारापाशी ते थांबले. “पोलिसात कोनी गेलं नाय अजून. मीच थांबवलंय. येवडं ध्यानात ठेवा.”

इंद्रजीत त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, “तेच.”


पाळकसाहेबांचा फोन. ही प्रार्थना नाही, पण तूही ऐक.

“नम्रताबाई, काही आठवडे थांबू या. झूमवर घेऊ.”

“झूमवर हे गात नाहीत.”

“आम्ही सगळे प्रार्थना करतोय.”

“ती मी करतेच आहे. तुम्ही माणसं पाठवा.”

ते म्हणाले, “यमुनाबाईंना त्यांच्या मुलानं बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. उल्काच्या ऑफिसात तो व्हिडिओ पोचला. बाकीच्यांची भाड्याची घरं आहेत, तुमच्यासारखीच. मी कोणत्या तोंडानं त्यांना जा म्हणू?”

“बरोबर आहे.”

“तुम्ही सही केलीत तर मंडळीत कोणी तुम्हाला बोल लावणार नाही. विश्वास काही गाण्यात नसतो.”

“माझा नसेल. यांचा तेवढ्यातच उरलाय.”

त्यांनी फोनवरच प्रार्थना केली, खरंच चांगली केली. मी आमेन म्हटलं नाही. कुकरची शिट्टी झाली, त्यांना ती आमेनसारखी वाटली असावी.

उल्काचा मेसेज होता. “काकू, रिअली सॉरी. मॅनेजरने बोलावलं होतं. झांज वॉचमनकडे ठेवलीय. काकांना सलाम सांगा.”


प्रभू, आज शुक्रवार. सतरंजी घातली आहे. कोणी येणार नाही हे मला माहीत आहे आणि तुलाही. दोघे किंवा तिघे जमतात तिथे मी आहे, असं म्हणालास ना? दोघे आहोत. एकाला बोलता येत नाही, एकीला गाता येत नाही. ये. बघू या कसा येतोस.

खिडकीत उजेड होता अजून. फ्रिजवर तो कागद, शेजारी पेन. मी इंद्रजीतला उशीला टेकवून बसवलं, उल्काची झांज हातात घेतली आणि सुरू केलं. थकले हे पाय. त्यानं तोंड मिटून घेतलं. मी पुन्हा. त्यानं डोळेही मिटले. मी आणखी मोठ्यानं, झांज आपटत. त्याच्या कपाळावर आठी आली, डाव्या बाजूला, उजवीकडे येत नाही. मी म्हटलं, नको गाऊस. मग मी करते ती सही. मोकळं होऊ दोघंही. आणि परत सुरू केलं, कारण पेन उचलायचं म्हणजे झांज खाली ठेवावी लागणार होती.

“बंद करा ते!”

दार उघडंच होतं, मी मुद्दामच ठेवलं होतं. उंबऱ्याबाहेर हिंमतराव.

“आमच्या घरात गातोय,” मी म्हणाले. “बोलवायचं त्याला बोलवा.”

“गानं कोन म्हनते त्याले? ताल मेला आहे. पाचव्या मजल्यावर वास येऊन राह्यला त्याचा.”

“मग खिडकी लावा.”

“दुसरा ठोका मागून येते तुमचा. काहून दाबता झांज? सोडा. वाजवली का सोडून द्याची.”

“आत येऊन दाखवा.”

“आत नाही येत मी.” त्यांनी पाय उंबऱ्यापासून आणखी मागे घेतला. “एकदा आलो, पुरे झालं. सोडा म्हनतो ना! हं. आता. आता!”

मी रागानं वाजवली. ते म्हणाले, चूक. पुन्हा वाजवली. चूक. कान आहेत का काय आहे. पुन्हा. माझे खांदे भरून आले होते आणि मला त्यांच्या टोपीवर झांज फेकून मारायची होती. ते बाहेरून हाताच्या पंजानं हवेत ठोके देत होते, हं, हं, आणि कधीतरी माझा हात त्यांच्या हाताबरोबर पडायला लागला. गायचं मी विसरून गेले होते. नुसती झांज चालली होती.

इंद्रजीतनं डोळे उघडले.

थकले हे पाय, तो म्हणाला. गायला. सरेना ही वाट. जिना उतरताना कठड्याला हात लागावा तसा एकेक शब्द सापडत गेला त्याला. मी वाजवत राहिले. दुसऱ्या कडव्यात तुझं नाव आलं, तेव्हा हिंमतरावांनी मान जिन्याकडे फिरवली. हात मात्र थांबवला नाही. गायक मध्ये असताना ताल सोडायचा नसतो, ते त्यांच्या हाडात होतं. गाणं संपल्यावर हात खाली आला.

“याले बोलता येते?”

“नाही. फक्त गाता येतं. झटका आल्यापासून. माणसं जमली तरच.”

ते इंद्रजीतकडे बघत राहिले. तो घामाघूम झाला होता आणि त्यांच्याकडे बघून हसत होता, त्याच्या त्या तिरक्या हसण्यानं.

“मी मानूस म्हणून नाही आलो,” ते म्हणाले. “तालासाठी आलो. तुम्ही मले फसवलं ते फसवलंच.”

“आम्ही बोलावलंच नव्हतं तुम्हाला. दोन्ही वेळा.”

“प्रसाद-ब्रिसाद काही देऊ नका.”

“शिरा केलेलाच नाही.”

जिन्यात चार पायऱ्या चढून गेल्यावर त्यांचा आवाज आला. “आवाज चांगला आहे त्याचा. वाया गेला तुमच्यात.” मग वर दार लागलं, जोरात.

मी दार लावलं नाही. पाणी प्यायले, त्याला पाजलं. मग झांज घेतली आणि, ठोका सोडून देत, पुन्हा सुरू केलं, या वेळी माझ्या आवाजासकट. इंद्रजीतची आठी परत आली. मी थांबले नाही. ‘उरली पहाट’ला माझा सूर जिथे घसरायचा तिथे घसरला, आणि तो ओरडला. म्हणजे गायला, पण ओरडून, माझ्यावर, माझा आवाज दाबायला. उरली पहाट! असं असतं ते, नम्रता, असं! शब्द गाण्यातलेच होते, पण नवरा बोलला मला. मी मुद्दाम आणखी बेसूर गायले. तो आणखी मोठ्यानं.

अशा अवस्थेत बजरंगशेठ आले.

त्यांनी दारातूनच पाहिलं. मी झांज खाली ठेवली, फ्रिजवरचा कागद काढला, दिला. त्यांनी उलगडला, खाली बघितलं, मागे उलटून बघितलं.

“सही कुठं हाय?”

“नाही.”

“वहिनी, विचार करा.”

“केला. यात गाणे होणार नाही असं लिहिलंय. गाणं सोडून यांच्याकडे एकच शब्द आहे.”

“मी मानुसकीनं बोलतोय. महिनाअखेर म्हंजे महिनाअखेर. नंतर गयावया नाय चालनार.”

“नाही करणार.”

“कुटं जानार हाय? कोन देनार हाय तुमाला घर? सगळीकडं ह्येच होनार.”

मी झांज पुन्हा हातात घेतली. ते जिना उतरताना फोनवर बोलत होते, “नाय, नाय, ऐकत नाय ती. डोक्यावर परिनाम हाय दोघांच्या.” रात्री ग्रुपवर अपूर्वानं लिहिलं, “आज पुन्हा आवाज होता, सर्वांनी ऐकला असेलच.” त्याखाली अंगठे आले, बरेच. हिंमतरावांचा काही मेसेज नव्हता. ते ग्रुपवर आहेत की नाहीत हे मला माहीत नाही.


प्रभू, खोकी आणली आहेत. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतेय, म्हणून हात पुन्हा जोडलेले नाहीत. यमुनाबाई आल्या होत्या, मुलाला भाजीला जाते म्हणून सांगून. चार जिने चढल्या, खोक्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, चिठ्ठ्या लाव खोक्यांवर, नंतर मीठ सापडत नाही. तुझ्याविषयी काही बोलल्या नाहीत. जाताना जिन्यातून मोठ्यानं सलाम म्हणाल्या, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा.

मला तुझा राग आहे, तो मी खोक्यात भरत नाहीये, हातातच नेणार आहे. पण एक सांगते. पुनरुत्थानाच्या दिवशी सगळ्यांना नवं शरीर मिळणार असं तुझं वचन आहे. लहानपणी मला वाटायचं, त्यात आपल्याला जरा उंची मिळावी. आता माझी मागणी वेगळी आहे. इंद्रजीतला वाचा दे आणि मला सूर. आणि तोवर, म्हणजे तो दिवस यायला वेळ लागणार असेल तर, आणि तुझा वेळ मला माहीत आहे, तोवर एक घर दे. तळमजल्यावरचं असलं तर बरं.

हे मी विश्वासानं मागतेय की हट्टानं ते मला सांगता येणार नाही. तुला फरक कळत असेल.

बिबवेवाडीतला एक एजंट आहे, त्याचा नंबर लॅबमधल्या मुलीनं दिला. लावला.

“बोला मॅडम. वन बीएचके? आहे ना. ग्राउंड फ्लोअर, दुकानांच्या मागे. किती जण?”

“दोघे. मिस्टर आजारी असतात.”

“नाव काय?”

“शिरसाठ.”

“शिरसाठ. बरं, चांगलं. मग काही अडचण नाही, ओनर आपल्यातलेच आहेत, फक्त—”

“थांबा. आम्ही ख्रिस्ती आहोत. शुक्रवारी संध्याकाळी घरात गातो. झांज वाजते. आज दोघेच गातो, पुढे माणसं येतील. ओनरना हे आधी सांगा.”

पलीकडे रिक्षाचा हॉर्न, मग तो म्हणाला, “मॅडम, एवढं सगळं कोण सांगतं का फोनवर?”

“मी.”

“विचारून कळवतो.”

कळवणार नाही. इंद्रजीत खोक्यांच्या मधोमध बसलाय आणि काहीतरी गुणगुणतोय, शब्द नाहीत अजून, नुसती चाल. मी ठोका देतेय, स्टीलच्या डब्यावर, सोडून देत. दुसरा नंबर धनकवडीचा आहे. तिसरा कुणाचा ते लिहायचं राहिलं.

आमेन नंतर म्हणते. रिंग वाजतेय.